'फेअर' या शब्दाचा पंचनामा

(पाथर्डी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)



मला इथं कवितेवर बोलायला बोलावलंय. कवितेवर बोलणारे लोक मुंबईत पोत्यानं मिळतात. मी गोदीत पोती उचलणारा माणूस, पोत्याचा भाव मला ठाऊक आहे. म्हणून कविता आज बाजूला. आज एका शब्दाचा पंचनामा करू.

शब्द इंग्रजी आहे. घाबरू नका, मीही मॅट्रिकच आहे. आणि हा शब्द तुमच्या घरात कधीचाच घुसलेला आहे. शाळेत दोन वह्या असतात, एक रफ आणि एक फेअर. रेशनच्या दुकानाचं सरकारी इंग्रजी नाव फेअर प्राइस शॉप. तोंडाला फासायच्या ट्यूबवर पंचेचाळीस वर्षं फेअर. उसाचा भाव ठरतो त्या एफआरपीतला पहिला एफ म्हणजे फेअर. निवडणूक आली की फ्री अँड फेअर. कोर्टात फेअर ट्रायल. पोरं गल्लीत क्रिकेट खेळताना भांडतात, "ए, हे फेअर नाय." आणि गोदीत ठेकेदाराचा माणूस आमची अर्धी हजेरी कापतो, वर खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "बी फेअर यार, माझीपण बाजू बघ."

हा शब्द एवढा सगळीकडे असेल तर त्याचा बाप कोण, गाव कोणतं, हे विचारायला नको? आपल्याला तर जन्मल्यापासून विचारतात.

मी फोर्टच्या फुटपाथवरून एक जुनी डिक्शनरी घेतली. तिच्यात फेअरच्या पुढं अर्थांची रांग लागलीय. सुंदर. गोरा. निरभ्र, म्हणजे आभाळ मोकळं असलेला. ठीकठाक, म्हणजे चांगलाही नाही आणि वाईटही नाही. स्वच्छ, डाग नसलेला. आणि मग न्यायाचा, कुणाची बाजू न घेणारा. त्याच्या खाली पुन्हा एकदा फेअर, तोच उच्चार, तेच स्पेलिंग, पण अर्थ जत्रा. आता बघा, एकाच खोलीत सात भाडेकरू. सुंदर, गोरा, स्वच्छ आणि न्यायी हे चौघं एकाच चटईवर झोपतात. हे कुणी ठरवलं?

शब्दाची जुनी मुळं शोधली की असं दिसतं. इंग्रजी जेव्हा अगदी लहान होती, हजार-बाराशे वर्षांपूर्वी, तेव्हा हा शब्द 'फॅगर' असा काहीसा होता आणि त्याचा अर्थ होता सुंदर, डोळ्यांना बरं वाटणारं. त्याच्या नात्यातली गोथिक नावाची भाषा होती, ती आता मेली. तिच्यात त्याच घराण्यातल्या शब्दाचा अर्थ होता 'लागू पडणारं, जुळणारं, योग्य'. म्हणजे मुळात रंगाचा संबंध नाही. बरोबर बसलं की ते सुंदर, एवढाच हिशेब. माझ्यासारख्या हमालाला तो पटतो. पाठीवर पोतं नीट बसलं की ते फेअर. गोरा हा अर्थ मागून आला. न्यायाचा अर्थही मागूनच आला, चौदाव्या शतकाच्या आसपास. एकदा का सुंदर म्हणजे गोरं आणि सुंदर म्हणजेच न्यायाचं असं शेजार-पाजार झालं, की भिंतीला भोक पडायला वेळ लागत नाही.

फेअरच्या उलट शब्द कोणता? फाऊल. कबड्डीत पंच शिट्टी मारतो तो फाऊल. हा शब्द तर आपल्या घरातलाच निघाला. फाऊल म्हणजे मूळ अर्थानं सडलेलं, घाण वास येणारं. संस्कृतातला 'पूति' आणि आपल्या मराठीतला जखमेतला 'पू' हे त्याचे सख्खे चुलतभाऊ. हजारो वर्षांपूर्वी हे एकाच आईच्या पोटचे. म्हणजे जे गोरं, स्वच्छ, ते न्यायाचं. जे सडकं, घाणेरडं, ते अन्यायाचं. ही वाटणी फक्त मनूच्या डोक्यातून आली असं आपण समजत होतो. साहेबाच्या भाषेनंही तीच शीव आखलेली आहे. फरक एवढाच, की साहेबानं ती शब्दकोशात ठेवली आणि इथल्यांनी गावाच्या नकाशावर उतरवली. जो घाण काढतो तो घाण, आणि जो घाण करतो तो स्वच्छ. फेअर नाही, फाऊल आहे हे. पण शिट्टी कुणाच्या तोंडात आहे ते बघा.

आणि मराठी तरी कुठली सोवळी? वर्ण म्हणजे रंग. काळा बाजार, काळा पैसा, तोंड काळं करणं, काळी जीभ. गोरागोमटा म्हटलं की त्याच्यापुढं आणखी काही सांगायला लागत नाही. लग्नाच्या जाहिराती वाचा. आपल्या समाजाच्या मासिकातल्यासुद्धा वाचा, लाजू नका. 'गोरी, सुशील.' आधी गोरी, मग सुशील. फेअर अँड लव्हली हे मलम १९७५ साली बाजारात आलं. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसानं गुडघा ठेवून त्याला मारलं, जगभर काळी माणसं रस्त्यावर आली, आणि इकडं कंपनीनं मलमाचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. डबीवरचा फेअर गेला. डबीतलं मलम आणि आरशापुढचं मन तिथंच आहे. साठच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्यांनी 'ब्लॅक इज ब्युटिफुल' म्हटलं तेव्हा ते काय नुसतं केसांच्या वळणाबद्दल बोलत होते? ते या चटईवरच्या चार भाडेकरूंना लाथ घालून उठवत होते.

अजून एक शब्द गंमत म्हणून सांगतो. कँडिडेट. लॅटिनमध्ये 'कँडिडस' म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूनं पांढराफेक केलेला झगा घालून फिरायचा, म्हणून उमेदवार म्हणजे कँडिडेट, पांढरे कपडेवाला. आपल्याकडं ती पद्धत अजून मोडलेली नाही, हे तुम्ही दर पाच वर्षांनी बघताच. इस्त्रीला पैसे लागतात म्हणून आपला कँडिडेट पडतो.

आता फेअर प्ले. साहेबानं क्रिकेट आणलं आणि सांगितलं, मैदानावर सगळे सारखे. बाळू पालवणकर हे नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा. सचिन सगळ्यांना माहीत. बाळू चांभार समाजातला. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची कामं करता करता साहेबांना जाळ्यात गोलंदाजी टाकायचा. डावखुरा फिरकी. त्या काळात देशात त्याच्या तोडीचा गोलंदाज नव्हता. हिंदूंच्या संघानं त्याला घेतलं, कारण जिंकायचं होतं. मैदानावर त्याच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून प्यायचे आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यातून. तोच चेंडू, तोच हात. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा या माणसानं शंभराच्या वर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही भांडणं होऊन. क्रिकेटमधल्या अंपायरला मराठीत पंच म्हणतात. पायचीत आहे की नाही हे पंच सांगू शकतो. चहा कुठल्या भांड्यात द्यायचा हे त्याच्या अखत्यारीत येत नाही. साहेबाच्या फेअर प्लेची हद्द सीमारेषेपर्यंतच.

(पुढं १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं याच बाळूला बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं आणि तो पडला. हेही सांगायला पाहिजे. आपल्या माणसाचा उपयोग आपल्याच माणसाविरुद्ध कसा करतात ते जुनं शास्त्र आहे.)

आता पोटाकडं येऊ.

प्रगतिपुस्तकात शेरे असायचे. एक्सलंट, गुड, फेअर, पुअर. फेअर म्हणजे कसाबसा. सुंदर आणि न्यायी असलेला हा शब्द गरिबाच्या कागदावर आला की लगेच 'चालेल' होतो. हाच फेअर मजुरीत कसा आला बघा. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, सरकारनं फेअर वेजेस कमिटी नेमली. तिनं मजुरीचे तीन मजले सांगितले. खाली किमान वेतन, माणूस जिवंत राहून कामावर येईल एवढं. वर जगण्याजोगं वेतन, लिव्हिंग वेज, ज्यात पोराचं शिक्षण, दवाखाना, म्हातारपण आलं. आणि मधल्या मजल्यावर फेअर वेज. त्याची खालची हद्द किमान वेतन. वरची हद्द कोणती? उद्योगाची द्यायची ऐपत. म्हणजे माझ्या न्यायाची उंची मालकाच्या खिशावरून मोजायची. माझ्या भुकेची ऐपत किती हे त्या मजल्यावर कुणी मोजत नाही. आणि मालकाची ऐपत कोण सांगणार? मालकाचा हिशेबनीस.

त्याच वर्षी, १९४८ ला, गोदी कामगारांचा कायदा झाला. त्याआधी टोळीवाला नावाचा माणूस रोज सकाळी गेटवर माणसं निवडायचा. वशिल्याचा आत, बाकीचे बाहेर. लढून लढून डॉक लेबर बोर्ड आलं, नोंदणी आली, पाळीनं काम आलं, काम नसलं तरी हजेरीचे पैसे आले. हा फेअर कामगारांनी ओढून आणलेला होता. १९९४ साली मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन केलं. माझ्या पिढीला गोदीत परत ठेकेदारच भेटला. टोळीवाला मेला नव्हता, रजेवर गेला होता. जहाजावर दोर ज्या कडीतून फिरवतात तिला फेअरलीड म्हणतात. दोर घासून तुटू नये, सरळ जावा म्हणून ती कडी. लोखंडी दोराची काळजी घेणारी फेअरनेस जहाजावर आहे. हाताला घट्टे पडतात त्यांच्यासाठी कडी नाही.

आता आपल्या पाथर्डीत या. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांची घरं दिवाळीनंतर कुलूप लावून उसाला जातात. मला सांगायची गरज नाही, पण जे मुंबईहून आलेत त्यांनी ऐकावं. उसाचा सरकारी भाव म्हणजे एफआरपी, फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस, मराठीत रास्त आणि किफायतशीर दर. २००९ साली कायदा बदलून हे नाव आलं. २०२५-२६ च्या हंगामाला तो क्विंटलला ३५५ रुपये ठरला, साखर उतारा सव्वादहा टक्के धरून. हा भाव शेतकऱ्याला मिळावा म्हणून आंदोलनं होतात, रस्ते अडतात, टायर जळतात. होऊ देत, शेतकऱ्यालाही मिळालंच पाहिजे. पण तो ऊस जमिनीतून आपोआप कारखान्यात चालत जातो काय? तोडणाऱ्याला फेअर नाही. त्याला उचल आहे. मुकादमाकडून आधी पैसे घ्यायचे आणि मग सहा महिने अंगावरून फेडायचे. त्याला केंद्र सरकारचा दर नाही. त्याला लवाद आहे.

लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मानलेला तिसरा. फेअर माणूस. ऊसतोडणीचा दर वर्षानुवर्षं असा लवादावर ठरत आलाय. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं ३४ टक्के वाढ ठरवली. वाढ झाली, नाही म्हणत नाही. संपावर बसलेल्यांमुळं झाली. मी फक्त एक साधा प्रश्न विचारतो. पवारांचं राजकारण साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उभं राहिलं. मुंडे घराणं ऊसतोड्यांचं नेतृत्व करतं, पण परळीचा वैद्यनाथ कारखानाही त्याच घराण्यानं चालवला. मग टेबलाच्या तिसऱ्या बाजूला कोण बसलं होतं? कोयता हातात धरणारा माणूस त्या खोलीत किती होता? आणि बाई?

बाईचं सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात कोयता एक, उचल एक, अंगठा एक, नाव नवऱ्याचं. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. म्हणजे बाई अर्धा कोयता झाली. ती पहाटे चारला उठून भाकरी थापते, मग फडात जाते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, परत येऊन पुन्हा चूल. पाळीत बसून राहिली तर खाडा. बीड जिल्ह्यात तोडीवर जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गेलं, समिती नेमली, हजारो बायकांची गर्भाशयं गेलेली निघाली. आपल्या गावापासून बीडची हद्द किती लांब आहे? शेजारीच आहे. खाडा पडू नये म्हणून पिशवी काढायची, हा भाव कुठल्या एफआरपीत बसतो?

आपल्या भाषेत इन्साफ शब्द आहे, सिनेमानं घराघरात पोचवलेला. तो अरबी. त्याच्या पोटात 'निस्फ' आहे, निस्फ म्हणजे अर्धा. दोघांना अर्धं-अर्धं वाटून देणं म्हणजे इन्साफ. काय सुंदर शब्द. आणि आपण त्या शब्दातला अर्धा घेतला आणि बाईच्या कपाळावर लावला.

रेशनच्या दुकानावर पाटी असते, 'रास्त भाव धान्य दुकान'. रास्त हा फारसी. त्याचा अर्थ सरळ. इंग्रजीतला राइट आणि फारसीतला रास्त हे एकाच मुळाचे, सरळ रेघ या अर्थाचे. म्हणजे सरकारनं फेअरचं मराठी करताना गोरेपणा टाकून दिला आणि सरळपणा घेतला. त्या भाषांतर करणाऱ्या कारकुनाला माझा जयभीम. २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य फुकट आहे, म्हणजे भावच शून्य, तरी पाटी रास्त भावाचीच आहे. वजनकाटा रास्त आहे का, ते ज्याचं त्यानं बघावं.

आता तो शेवटचा भाडेकरू. फेअर म्हणजे जत्रा.

हा वेगळ्या आईचा. लॅटिनमध्ये 'फेरिए' म्हणजे देवाचे, सुट्टीचे दिवस. त्या दिवशी लोक देवळाभोवती जमायचे, जमले की विकणारे आले, म्हणून फ्रेंचांच्या तोंडून तो इंग्रजीत आला आणि जत्रा झाला. न्यायाच्या फेअरशी त्याचं रक्ताचं नातं काही नाही. पण एक नातं जडलं, ते मला फार आवडलं. इंग्लंडातल्या जुन्या जत्रांमध्ये तिथल्या तिथं एक कोर्ट बसायचं. लांबून आलेला फिरता विक्रेता, त्याची कुणी फसवणूक केली, तर तो गावातल्या मोठ्या कोर्टात महिनोन्‌महिने कुठं थांबणार? म्हणून जत्रा उठायच्या आत निकाल. त्या कोर्टाचं नाव पायपावडर कोर्ट. फ्रेंच शब्दांवरून, म्हणजे धुळीनं माखलेल्या पायांचं कोर्ट. पाय धुवायची अट नाही. धुळीच्या पायांनीच न्याय मागायला यायचं.

ऐकताना मला मढी दिसली. आपली मढी, कानिफनाथाची. होळीपासून पाडव्यापर्यंतची यात्रा, रंगपंचमीची गर्दी, रेवड्या, धूळ, आणि गाढवांचा बाजार. वडार, बेलदार, कुंभार, कैकाडी, सगळे धुळीच्या पायांचे लोक. मढीला भटक्यांची पंढरी उगीच म्हणत नाहीत. होळीचा मान गोपाळांचा, काठीचा मान कैकाड्यांचा. गड बांधायला अठरापगड जातींनी दगड वाहिले असं म्हातारे सांगतात. मुसलमान त्याच नाथाला शाह रमजान म्हणून मानत आले. आणि याच जत्रेत भटक्या जमातींच्या जातपंचायती बसायच्या. ते आपलं पायपावडर कोर्ट. पोलीस ज्यांना जन्मानं चोर समजायचे, कोर्ट ज्यांची भाषा ऐकायचं नाही, त्यांनी आपलं कोर्ट आपण बसवलं. इथवर छाती फुगते. पुढं? त्या पंचायतीत पंच सगळे पुरुष. बाईचं चारित्र्य, पोरीचं लग्न, दंड, वाळीत टाकणं. आपलं कोर्ट आपण बसवलं म्हणून ते फेअर होत नाही, हे आपल्याला आपल्या जत्रेनं शिकवलं. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आणि त्या जमातींतल्याच पोरापोरींनी त्याविरुद्ध आवाज काढला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, अमलात आला २०१७ साली.

आणि २०२५ च्या फेब्रुवारीत याच मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला, यात्रेत मुसलमान दुकानदार नकोत. कारण काय, तर यात्रेआधीचा महिना गाव जे नियम पाळतं, तेल वर्ज्य, पलंग वर्ज्य, लग्नकार्य नाही, ते हे पाळत नाहीत. प्रशासनानं तो ठराव थांबवला, घटनेत बसत नाही म्हणून. बरं झालं. पण ठराव करणाऱ्या हातांत आपले किती हात होते, हे आपण आपल्या वस्तीत बसून विचारलं पाहिजे. ज्यांना कालपर्यंत गावच्या जत्रेत पालखीला शिवू देत नव्हते, त्यांनी आज दुसऱ्याचं दुकान उचलायला हात वर करायचा? जत्रेतून एक माणूस बाहेर काढला की उरते ती फेअर राहत नाही, दोन्ही अर्थांनी. ती घरची पूजा होते.

आता आपले शब्द. नि:पक्षपाती. पक्ष म्हणजे पंख, बाजू. पात म्हणजे पडणं. जो कुठल्या एका बाजूला पडत नाही तो. पाखरू दोन्ही पंखांवर तोललेलं. चांगला शब्द आहे, तक्रार नाही. मला राग येतो तो तटस्थ या शब्दाचा. तट म्हणजे काठ. काठावर उभा तो तटस्थ. आत कुणी बुडतंय, कुणी बुडवतंय, आणि हा काठावर उभा, दोघांनाही सारखंच बघणारा. मुंबईतले संपादक, प्राध्यापक, 'आम्ही तटस्थ आहोत' म्हणतात तेव्हा त्यांचे पाय कोरडे असतात एवढंच मला कळतं.

आणि शब्दाच्या हिशेबानं जायचं तर या देशात सगळ्यात तटस्थ कोण होतं? आपली आजी. घागर घेऊन विहिरीच्या काठावर ताटकळत, वरून कुणीतरी ओतेल म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या काठावर. १९२७ च्या २० मार्चला महाडला बाबासाहेब काठ सोडून चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. तटस्थपणा मोडला तो तिथं. लोकांनी त्या दिवशी मार खाल्ला, मग तळं शेण-गोमूत्रानं शुद्ध केलं गेलं, मग सनातनी कोर्टात गेले. ओंजळभर पाण्याच्या न्यायाला मुंबई हायकोर्टापर्यंत पोचून निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. दहा वर्षं. पायपावडर कोर्टानं जत्रा उठायच्या आत दिला असता.

त्याच १९२७ च्या डिसेंबरात महाडलाच मनुस्मृती जाळली. का जाळली, ते फेअरच्या हिशेबात बघा. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवी दिली तर दंड शंभर पण. वैश्यानं दिली तर दीडशे-दोनशे. शूद्रानं दिली तर देहदंड. आणि ब्राह्मणानं शूद्राला दिली तर बारा पण. गुन्हा तोच, शिवी तीच, भाव वेगवेगळे. हे रेटकार्ड होतं. जो ग्रंथ शिवीचासुद्धा जातवार दर लावतो त्याला जाळण्याशिवाय दुसरं काय करायचं?

अमेरिकेत जॉन रॉल्स नावाचा प्राध्यापक होऊन गेला. १९७१ साली त्यानं न्यायावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं एका ओळीत सांगतो: समाजाचे नियम करायला बसा, पण आपण कुणाच्या पोटी जन्मणार हे माहीत नाही असं समजून बसा. मग जे नियम कराल ते फेअर. मला हा माणूस आवडला. पाथर्डीच्या कुठल्याही वाड्यात जाऊन हे विचारा, 'पाटील, पुढचा जन्म कोयत्यावर की वाड्यात ते माहीत नाही असं समजा, आता तोडणीचा दर सांगा.' पाटील दर सांगणार नाही, कुत्रं सोडेल. कारण पडदा डोळ्यापुढं घ्यायला तो तयार नाही. त्याला त्याचं घर दिसतंय.

डोळ्यावरून आठवलं. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असायची, कुणाचं तोंड बघणार नाही म्हणून. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात नवी मूर्ती आली, पट्टी काढली, तलवारीच्या जागी राज्यघटना हातात दिली. बरं केलं. तशीही पट्टीचा आपल्याला उपयोग नव्हता. डोळे बांधले तरी कान उघडे असतात आणि आडनाव कानावर पडतं.

खर्डा आठवा. आपल्याच नगर जिल्ह्यातला, जामखेड तालुका. २८ एप्रिल २०१४. शाळेत शिकणारं आपलं पोरगं, सवर्ण मुलीशी बोलतं म्हणून मारून झाडाला टांगलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्ह्याच्या कोर्टानं आरोपींना निर्दोष सोडलं, कारण साक्षीदार फितूर झाले. न्यायाधीशापुढं पुरावा नव्हता तर तो काय करणार, असं तटस्थ लोक म्हणाले. मग पोरगं झाडावर आपणहून चढलं? फेअर ट्रायल कोर्टात सुरू होत नाही, ती गावात सुरू होते, साक्षीदाराच्या ओट्यावर, त्याच्या रेशनकार्डात, त्याच्या मजुरीत. गाव ज्याला काम देतं तो गावाविरुद्ध कशी साक्ष देणार?

आणि पंचनामा. या भाषणाला मी तेच नाव दिलंय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये झडतीच्या पंचांबद्दल लिहिलं होतं की ते त्या भागातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी असावेत. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, ही अट त्यातही आहे. प्रतिष्ठित! आता गावात प्रतिष्ठित कोण, हे फौजदाराला कोण सांगणार? पोलीस पाटील. आणि पोलीस पाटलाच्या डोळ्यापुढं कोण येणार? म्हारवाड्यातला हमाल येणार?

यात एक उपरोध आहे, तो आपल्या इतिहासाला ठाऊक आहे. शिवकाळात, पेशवाईत, दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की कुणाला बोलवायचे? महाराला. तो शिवेवरून चालत जायचा आणि तो चालला ती हद्द. जुन्या महजरांवर बलुतेदारांबरोबर महाराची निशाणी असते. अख्ख्या गावाची जमीन कुठं सुरू होते नि कुठं संपते, याचा सगळ्यात भरवशाचा पंच तो. त्या जमिनीत त्याचं स्वतःचं वतन किती, तर पोटाला पुरणार नाही एवढं. आणि साक्ष देऊन झाली की तो परत शिवेबाहेर. नि:पक्षपाती असण्याबद्दल आपल्याला कुणी शिकवू नये. आपण गावाचे पंच होतो, तेव्हा प्रतिष्ठित नव्हतो. आज प्रतिष्ठित पाहिजेत म्हणून आपण पंच नाही.

तर कामाचं. दसऱ्याच्या आधी मुकादम गावोगाव उचल वाटायला बसतात. कागद होतो, अंगठे उठतात. यंदा आपण पाच-सहा पोरापोरींनी प्रत्येक वस्तीत त्या कागदाशेजारी वही घेऊन बसायचं. मारामारी करायची नाही. फक्त लिहून घ्यायचं. उचल किती, दर किती, खाड्याला कापणार किती, आजारी पडली तर किती. आणि एका कोयत्याला दोन नावं. नवऱ्याचं आणि बायकोचं. मुकादम म्हणेल, आरं लेका, आजवर एकच नाव असतंय. म्हणू दे. आपल्या वहीत दोन लिहायची, आणि तिची सही किंवा अंगठा तिच्याच हातानं घ्यायचा. वही फेअर पाहिजे, रफ नको. पुढं दराचा वाद लवादापुढं गेला तर हीच वही टेबलावर ठेवता येईल, आणि तेव्हा आपल्यातलं कुणीतरी त्या खोलीत असलं पाहिजे.

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी बैठक झाल्यावर थांबा, गावांची वाटणी करू. कविता त्यानंतर वाचतो, रात्रीची एसटी सुटेपर्यंत वेळ आहे.

जयभीम.